दुसरी खुर्ची

मावशीच्या घरात पंधरा वर्षांत दूध एकदाही उतू गेलं नव्हतं. ज्याने आयुष्यात कधी दूध तापवलंय त्याला ही केवढी मोठी गोष्ट आहे ते वेगळं सांगायला नको. पातेलं गॅसवर चढलं की मावशी ओट्याला खेटून उभी राही. मग फोन वाजो, दार वाजो, शेजारीण हाका मारून घसा बसवून घेवो, ती तिथून तसूभर हलत नसे. दुधाची काय बिशाद होती!

तिच्या भाचीला याची गंमत वाटायची, आणि वाईटही वाटायचं, कारण हे कशामुळे झालं ते तिला ठाऊक होतं. घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं, म्हणूनच कुणी बोलत नव्हतं.

मावशीने उभी हयात खुर्चीवर बसायची नोकरी केली. शहरातल्या जुन्या संग्रहालयात घड्याळांचं दालन होतं, तिथे ती पहाऱ्यावर असे. भिंतीवरची, टेबलावरची, खिशातली, सगळी मिळून बेचाळीस घड्याळं, आणि त्यांच्यात निळ्या गणवेशातली मावशी. नात्यातली पोरंटोरं तिला ‘खुर्चीमावशी’ म्हणत. “नुसतं बसायचा पगार, मजा आहे बुवा तुमची,” असं कुणी म्हटलं की ती म्हणे, “एक तास न बोलता, न वाचता, न पेंगता बसून दाखवा, मग बोलू.” आजवर कुणी दाखवलं नव्हतं.

आणि मग पंधरा वर्षांपूर्वीची ती दुपार. दालनाबाहेरच्या जिन्यात धप्पकन आवाज झाला आणि एक म्हातारा कळवळून ओरडला. मावशी उठली. दारापर्यंत नऊ पावलं, पुढे तीन पायऱ्या. तिने म्हाताऱ्याला बसवलं, पाणी दिलं, गुडघ्याला स्वतःचा रुमाल बांधला आणि परत आली. काचेचा छोटा घुमट जागच्या जागी होता. त्याच्या आतलं अक्रोडाएवढं सोन्याचं घड्याळ तेवढं नव्हतं. लोक जिन्याकडे धावले तोवर म्हाताराही निघून गेला होता.

मावशीला कुणी चोर म्हटलं नाही. चौकशीच्या कागदावर फक्त एक ओळ आली, ‘कर्मचाऱ्याने जागा सोडली.’ तिला तळमजल्यावर छत्र्या आणि पिशव्या ठेवून घ्यायच्या खिडकीत बसवलं, आणि निवृत्त होईपर्यंतची अकरा वर्षं ती तिथेच बसली. त्या अकरा वर्षांत एकही छत्री हरवली नाही. पण त्यानंतर जिना चढून ती घड्याळांच्या दालनात कधी गेली नाही, आणि कुठलीच जागा पुन्हा सोडली नाही, गॅसजवळचीसुद्धा.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी, एकाच आठवड्यात दोन गोष्टी घरात आल्या. पहिली म्हणजे संग्रहालयाचं पाकीट. दालनाची दुरुस्ती संपली आहे, रविवारी सकाळी अकरा वाजता ते पुन्हा उघडणार आहे, जुन्या कर्मचाऱ्यांनी अवश्य यावं. मावशीने ते उभ्याउभ्या वाचलं आणि चहाच्या डब्यामागे सारून दिलं.

“जाणार ना?” भाचीने विचारलं.

“रविवारी मला कामं आहेत.”

“कुठली?”

“आहेत,” मावशी म्हणाली. विषय संपला.

दुसरी गोष्ट भाचीची. तिने लहानपणी कुणाच्या तरी सदऱ्याची गुंडी गिळली होती, तेव्हापासून तिचं नाव गुंडी पडलं ते पडलंच. गुंडी मावशीच्या मागच्या खोलीत राहायची आणि एका संकेतस्थळासाठी व्हिडिओ गेम खेळून त्यांच्यावर लिहायची. तिची आई नातेवाइकांना सांगताना ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ म्हणून वेळ मारून न्यायची. या खेपेला तिच्याकडे आला होता तो ‘मांजरपावलं’ नावाचा खेळ, आणि त्याच्यावरचं लिखाण शनिवारी संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं.

खेळ लपूनछपून जायचा होता. वरून दिसणारं मोठं आवार, भिंती, जिने, गच्च्या, झुडपं, आणि जिकडे तिकडे पहारेकरी. आपल्या हाताशी तिघं चोर. एक कुलूप उघडणारी, एक छपरावरून चालणारा, आणि एक म्हातारा नट, जो हवं ते सोंग घेतो. कुठल्याही पहारेकऱ्यावर टिचकी मारली की त्याच्या डोळ्यांतून हिरवा पंखा पसरे. जिथवर पंखा तिथवर त्याची नजर. त्यात पाय पडला की आरडाओरडा, घंटा, आणि खेळ खलास. तुमची पाळी, मग त्यांची पाळी, असला सभ्यपणा इथे नव्हता. तुम्ही विचार करत बसलात तरी पहारेकरी फिरतच राहात.

गुंडी उतावळी होती. दर पाच सेकंदाला ती खेळ जतन करायची, पकडली गेली की मागे यायची, पुन्हा घुसायची, पुन्हा पकडली जायची. बुधवारी दुपारी ती एकाच अंगणात चाळिसाव्यांदा पकडली गेली तेव्हा मागून मावशी धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन चालली होती.

“तो गाल धरून उभा आहे ना, तो आता भिंतीकडे वळणार,” मावशी म्हणाली.

“कशावरून?”

“दाढ दुखतेय त्याची. वाऱ्याला तोंड कशाला देईल?”

पहारेकरी वळला. गुंडीने वळून मावशीकडे पाहिलं. मावशी बादली घेऊन गॅलरीत निघून गेली होती. पण कपडे वाळत घालायला जेवढा वेळ लागतो त्याच्या निम्म्यात ती परत आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

गुरुवारी सकाळपर्यंत तिने सगळ्या पहारेकऱ्यांची बारशी उरकली होती. गालधऱ्या, ढेरपोट्या, सारखी कॉलर नीट करणारा तो नवरदेव. कुणाला झोप येतेय, कुणाचा बूट चावतोय, कोण पाळी बदलायची वाट बघतोय, हे तिला गुंडीच्या आधी दिसायचं. शेवटी काय, ती सगळी तिच्या खात्यातली माणसं होती.

“अगं, त्याला कशाला मारतेस?” ती कळवळून म्हणाली.

“मारत नाहीये मावशी, नुसता बेशुद्ध करतेय.”

“त्याच्या बायकोला हेच सांगणार आहेस का? बाजूने जा. तो दर तिसऱ्या फेरीला दिव्याकडे बघतो, तेव्हा जा. कुणाला धक्का न लावता जमत नसेल तर येऊच नये आत.”

आणि गुंडी बाजूने गेली. वेळ लागला, पण गेली. मावशीचं म्हणणं एकच होतं. पहाऱ्यावरचा माणूस रोज दिसणारी गोष्ट बघत नाही, बदललेली गोष्ट बघतो. म्हणून काही बदलू नकोस. उघडलेलं दार लाव. हललेलं पिंप परत सरकव. गुंडीच्या डोक्यात लिखाणाची पहिली ओळ तयार होती, ‘या खेळातले पहारेकरी मूर्ख आहेत.’ ती तिने मनातल्या मनात खोडून टाकली.

गुरुवारी दुपारी त्यांना खजिन्याच्या खोलीपर्यंत पोचायचं होतं. दारावर नवरदेव उभा. दिव्याकडे बघत नाही, वळत नाही, पेंगत नाही.

“थांब,” गुंडी म्हणाली, “हे माहितेय मला.” आणि तिने नटाला म्हाताऱ्याच्या सोंगात जिन्यावर नेऊन धप्पकन पाडलं.

म्हातारा कळवळून ओरडला. नवरदेवाने दचकून पाहिलं. मग तो दार सोडून धावला, जिन्यावर वाकला, म्हाताऱ्याच्या काखेत हात घालून त्याला उठवू लागला. त्याच्या पाठीमागून कुलूपवाली अलगद आत शिरली.

“बघितलंस? सोप्पं!” गुंडी टाळी वाजवून म्हणाली, आणि तिचे हात तसेच हवेत राहिले.

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला होता. “बंद कर ते,” ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन रिकाम्या गॅससमोर उभी राहिली.

गुंडीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ती मागे गेली, ‘मावशी, माझ्या लक्षातच आलं नाही’ असं दोनदा म्हणाली. मावशी म्हणाली, “तुझं काय चुकलं? जा, काम कर.” त्या दिवशी दोघी जेवल्या, पण बोलल्या नाहीत.

शुक्रवारी सकाळी गुंडीने कॉम्प्युटर उघडला तर मावशी स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून घेऊन आली. ती तिने गुंडीच्या शेजारी ठेवली आणि बसली, पाठ ताठ, हात मांडीवर, नोकरीवर बसायची तशी.

“कालच्या म्हाताऱ्याला परत पाड,” ती म्हणाली.

“मावशी, राहू दे ना.”

“पाड म्हणते ना.”

गुंडीने पाडलं. नवरदेव धावला. मावशी म्हणाली, पुन्हा. तो पुन्हा धावला. ती म्हणाली, आता लांबून पाड. लांबून पाडला, तरी धावला. न ओरडता पाड. आधी दुसऱ्या कुणाला तरी दाखवून मग पाड. एकदा पाडून, उठवून, लगेच परत पाड. गुंडीने निमूटपणे पंधरा वेळा, वीस वेळा म्हाताऱ्याला आपटलं. बिचाऱ्याचं एकही हाड शिल्लक राहिलं नसेल. आणि नवरदेव दर वेळी दार सोडून धावला, वाकला, काखेत हात घातला.

“तो जातोच,” मावशी हळू आवाजात म्हणाली.

“जातोच. असाच बनवलाय तो.”

“सगळेच जातात?”

“नाही. पुढच्या अंगणात एक आहे, तो जात नाही.” गुंडीने त्याला दाखवलं. लांब काळा कोट, खांबासारखा उभा. नटाला तिने त्याच्या पुढ्यात आणून पाडलं. म्हातारा त्याच्या बुटांशी लोळला, तळमळला, ओरडला. काळ्या कोटाची मान हलली नाही. पंखा जिथे होता तिथेच.

मावशी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. एवढ्या सगळ्या पहाऱ्यात त्या एकट्याला तिने नाव दिलं नव्हतं.

“मी याच्यासारखं व्हायला हवं होतं का गं?” ती म्हणाली. “पंधरा वर्षं मला असंच वाटतंय, की मी असं उभं राहायला पाहिजे होतं. आणि आता हा समोर उभा आहे, तर मला याचा राग येतोय. अरे, माणूस पडलाय! बघ तरी खाली!”

“मावशी, तो जिन्यावरचा म्हातारा… त्यांच्यातलाच असेल?”

“कुणास ठाऊक. गुडघा खरा सोलला होता त्याचा, मीच बांधला. पण खोटं पडणाऱ्याचाही गुडघा खराच सोलतो. तो चोर असो नाहीतर नसो. परत पडला तर मी परत जाईन. जाईनच. मला दुसरं काही येत नाही.”

ती हे बोलत होती, आणि नेमक्या त्याच वेळी गुंडीला वास आला. करपट, गोडसर. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

दूध!

खुर्ची आणण्याआधी मंद आचेवर ठेवलेलं पातेलं निम्मं रिकामं झालं होतं, गॅस पांढरा झाला होता, ओट्यावरून ओघळ थेट जमिनीपर्यंत. मावशीने गॅस बंद केला, फडकं हातात घेतलं आणि पुसायचं सोडून खाली बसली. गुंडीला वाटलं आता ही रडणार. ती रडलीच, पण मध्येच हसायलाही लागली, आणि मग रडणं कुठलं आणि हसणं कुठलं ते तिलाही सांगता आलं नसतं. “पंधरा वर्षं उभी राहिले गं मी इथे,” ती म्हणाली, “दुधासाठी!” गुंडी तिच्या शेजारी फरशीवर बसली आणि दोघींनी मिळून ओटा पुसला. चहा कोराच झाला.

पण खेळ अजून संपला नव्हता. खरी गाठ दुपारी आली. शेवटच्या अंगणात दोन पहारेकरी समोरासमोर बसले होते, मधे वीसेक पावलं, आणि दोघांचे पंखे एकमेकांवर पडलेले. दगड टाकला तर एक उठे, दुसरा जागेवरून त्याच्याकडे बघत राही. म्हातारा पाडला तर एक मदतीला धावे, दुसऱ्याचा पंखा त्याची रिकामी जागा झाकून टाके. गुंडीने तीन तास डोकं आपटलं.

“ही जोडी फुटतच नाही,” ती वैतागून म्हणाली. “यातला एक काढून टाकला ना, तर दोन मिनिटांचं काम आहे.”

मावशी त्या दोन खुर्च्यांकडे बघत होती. एक दाराशी, एक समोर खिडकीखाली.

“आमच्याकडेही दोन होत्या,” ती सावकाश म्हणाली.

“काय दोन?”

“खुर्च्या. दालन कोपऱ्यात वळतं ना, म्हणून. दाराशी मी, खिडकीखाली एक बाई असायची. तिला माझ्यामागचं दिसायचं, मला तिच्यामागचं. एक पाणी प्यायला गेली तर दुसरी असायची. ते घड्याळ जायच्या आधी सहा महिने माणसं कमी केली. तिला पाठवलं दुसरीकडे आणि खुर्चीही नेली, रिकामी बरी दिसत नाही म्हणून.”

गुंडीने माउस सोडून दिला. “हे तू चौकशीत सांगितलंस?”

“मला विचारलं, जागा सोडलीत का? मी म्हटलं, सोडली. दुसरं कुणी काही विचारलंच नाही.” मग ती आश्चर्याने म्हणाली, “आणि मीसुद्धा नाही विचारलं गं. मला माहीत होतं सगळं. दोन खुर्च्या होत्या हे माहीत होतं, एक नेली हे माहीत होतं. पण मी फक्त माझीच नऊ पावलं मोजत बसले.”

तिने उठून चहाच्या डब्यामागचं पाकीट काढलं आणि टेबलावर मधोमध ठेवलं. जायचं की नाही ते अजून बोलली नाही. पण संध्याकाळी तिने निळी साडी इस्त्रीला काढली, आणि गुंडी शहाणी होती, तिने काही विचारलं नाही.

ते अंगण गुंडीला शेवटपर्यंत सुटलं नाही. शनिवारी तिने लिखाण पाठवलं, त्यात हेही सांगून टाकलं. ‘एक जागा मला पार करता आली नाही,’ तिने लिहिलं, ‘कारण तिथे दोन माणसं एकमेकांची काळजी घेत होती. खेळ बनवणाऱ्यांनी हे मुद्दाम केलं असेल तर माझा त्यांना नमस्कार.’ संपादकाचं उत्तर आलं, ‘हे तूच लिहिलंस का?’ गुंडीने कळवलं, ‘निम्मं.’

रविवारी साडेअकराला दोघी जिन्याखाली उभ्या होत्या. मावशीने कठडा धरला, सोडला, पुन्हा धरला. “परत फिरू या का?” गुंडीने विचारलं. “गप,” मावशी म्हणाली, आणि चढली.

दालन उजळलं होतं. नव्या भिंती, नवे दिवे, आणि तीच टिकटिक, चाळीसेक तोंडांनी एकदम चाललेली. मावशी दारातच थांबली. तिचे डोळे भरून आले, ते तिने पुसले नाहीत. गर्दी बरीच होती. भाषणं खालच्या मजल्यावर आटोपली होती आणि माणसं वर येत होती. दाराशी खुर्ची होती. तिच्यावर एक कोवळी मुलगी बसली होती, गणवेश अजून कडक, पाठ ताठ. खिडकीखाली काहीच नव्हतं.

मावशी एकेका घड्याळापाशी थांबली, जुन्या ओळखीच्या माणसांपाशी थांबावं तशी. कोपऱ्यातल्या छोट्या घुमटाच्या जागी आता दुसरंच काही ठेवलं होतं. तिथे ती जरा जास्त थांबली.

तेवढ्यात बाहेरच्या बाजूला गलका झाला. वर येता येता एका बाईंना घेरी आली होती आणि त्या भिंतीला घसरत खाली बसल्या होत्या. “कुणी आहे का? पाणी आणा, पाणी!” कुणीतरी ओरडलं.

खुर्चीवरची मुलगी अर्धी उठली. मग बसली. तिने दाराकडे पाहिलं, मग घड्याळांकडे, मग पुन्हा दाराकडे. तिची बोटं खुर्चीच्या हातांवर आवळली गेली होती. मावशीला त्या मुलीच्या मनातलं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

ती पुढे झाली. “तू जा,” ती म्हणाली. “मी बघते.”

“तुम्ही कोण आजी?”

आजी म्हटलेलं मावशीला आवडलं नाही, पण वेळ भांडायची नव्हती. “मी इथेच बसायचे. बावीस वर्षं. जा, ती बाई घाबरली असेल.”

मुलीने एकदा तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि ती धावली.

मावशी खुर्चीवर बसली. पाठ ताठ, हात मांडीवर. दाराकडून तिला भिंतीवरची घड्याळं दिसत होती, टेबलं दिसत होती, वळणापर्यंतची माणसं दिसत होती. वळणापलीकडचं दिसत नव्हतं, तेव्हाही दिसत नसे. आणि मग तिने समोर पाहिलं.

खिडकीखाली, जिथे दुसरी खुर्ची असायची नेमकी तिथे, गुंडी उभी होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती उतावळी पोर हात मागे बांधून, फोन खिशात टाकून, खांबासारखी उभी राहिली होती आणि वळणापलीकडचा कोपरा बघत होती. मधूनच ती मावशीकडे बघे, मावशी तिच्याकडे. मधे वीसेक पावलं.

सात मिनिटांनी मुलगी परत आली, धापा टाकत. “बऱ्या आहेत त्या. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं म्हणे.” मग तिने घाईघाईने दालनभर नजर फिरवली, ओठ हलवत घड्याळं मोजली.

“एक्केचाळीस,” मुलगी म्हणाली आणि हसली. “सगळी आहेत.”

“सगळी आहेत?” मावशीने विचारलं.

“हो. एक्केचाळीसच असतात.”

मावशी खुर्चीवरून उठली आणि तिने मुलीला बसायला जागा करून दिली. मग खिडकीकडे बोट दाखवून म्हणाली, “तिथे एक खुर्ची मागून घे. साहेबांना सांग, जुन्या बाई सांगून गेल्या. आणि नाहीच दिली, तर त्यांना म्हणावं, बाई स्वतः येऊन सांगतील.”

“खरंच याल?”

“येईन की,” मावशी म्हणाली. “मला आता रविवारी कामं नसतात.”